डिकीतलं पिस्तूल आणि आठ राज्यांचे आठ कायदे

टेक्सासला नवीन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. डॅलसजवळच्या एका देशी रेस्टॉरंटच्या दारावर दोन मोठ्या पाट्या, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, ठसठशीत अक्षरं, वर नुसते आकडे, ३०.०६ आणि ३०.०७. पुण्याचा माणूस, पाटी दिसली की वाचणारच, पण मजकूर इतका कायदेशीर की मला वाटलं आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते लिहिलंय. आत इडली खाताना मित्राने सांगितलं की अरे त्या टेक्सासच्या पीनल कोडातल्या कलमांच्या पाट्या आहेत, पहिलीचा अर्थ लायसन्स असलं तरी लपवलेली बंदूक आत आणायची नाही, दुसरीचा अर्थ कमरेला दिसेल अशी लावून पण यायचं नाही, आणि अक्षरं किमान एक इंच उंच हवीत हेसुद्धा कायद्यातच आहे. बारच्या दारावर वेगळी पाटी, लाल रंगात ५१%, म्हणजे ह्या धंद्याची निम्म्याहून जास्त कमाई दारूची आहे तेव्हा बंदूक बाहेर ठेवा.

मी विचारलं, आणि पाटीच नसेल तर? तो म्हणाला, नसेल तर नसेल, सांबार घे.

हाच मित्र, नाशिककर, ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्याने टेक्सासात रीतसर पिस्तूल घेतलं, आणि २०२३ मध्ये आम्ही दोघांनी नोकरी बदलली आणि एकाच गाडीतून न्यू जर्सीला निघालो. दीड हजार मैल, वाटेत आठ राज्यं. पिस्तूल तेच, मालक तोच, पण राज्याची सीमा ओलांडली की कायदा बदलतो, आणि एखाद्या ठिकाणी चुकलात तर थेट अटक. भारतातून लोक विचारतात ना की अमेरिकेत गन लीगल आहे की नाही, तर ह्या प्रश्नाला एक उत्तरच नाही. आणि मला जे कळलंय ते असं की तिथलं भांडण वरून दिसतं "बंदूक हवी की नको" असं, पण खरं भांडण आहे ते ठरवणार कोण ह्याचं. शहर, राज्य, वॉशिंग्टन, की कोर्ट.

आधी केंद्राचं बघू, कारण ते सगळ्यांना सारखं. दुकानातून बंदूक घ्यायची तर एक फॉर्म भरायचा, नंबर ४४७३. त्यात हो-नाहीचे प्रश्न: मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालीय का, घरगुती हिंसाचाराचा कोर्टाचा आदेश आहे का, गांजा ओढता का (तुमच्या राज्यात गांजा लीगल असला तरी केंद्राला तो चालत नाही आणि हे फॉर्मवर स्पष्ट छापलंय), आणि आपल्या लोकांच्या कामाचा प्रश्न म्हणजे तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का. म्हणजे एच-वन-बी वाल्याला बंदूक घेता येत नाही, बाळगता पण येत नाही. गंमत अशी की अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे शिकारीचं लायसन्स. कोडिंग करायला आलेल्या माणसाने एखाद्या राज्याचं हंटिंग लायसन्स काढलं तर केंद्राच्या कायद्यापुरता तो पात्र ठरतो. मी काढलेलं नाही, त्यामुळे पूर्ण प्रवासात मी मित्राच्या पिस्तुलाच्या डबीला हात लावला नाही.

फॉर्म भरला की दुकानदार एफबीआयच्या सिस्टिमला विचारतो (काही राज्यांत राज्याच्या यंत्रणेला), बऱ्याचदा काही मिनिटांत उत्तर येतं. पण उत्तर अडकलं आणि तीन कामाचे दिवस गेले तर केंद्राच्या कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ज्याने नऊ जणांना मारलं त्याला बंदूक अशीच मिळाली होती, चौकशी लटकली आणि मुदत संपली. आणि हे सगळं फक्त लायसन्सवाल्या दुकानाला लागू. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आपली जुनी बंदूक विकली तर केंद्राचा कायदा चौकशी मागतच नाही, वीसेक राज्यांनी आपापले कायदे करून ती फट बुजवलीय, बाकीच्यांनी उघडी ठेवलीय.

ह्याच्या वर जे काय आहे ते राज्याचं. आमच्या प्रवासात टेक्सास, आर्कान्सा, टेनेसी ह्या पट्ट्यात काहीच प्रश्न नव्हता, तिथे सज्ञान आणि पात्र माणसाला पिस्तूल घेऊन फिरायला परमिटच लागत नाही. टेक्सासने हे २०२१ मध्ये केलं, फ्लोरिडाने २०२३ मध्ये, आणि २०२४ पर्यंत अशी २९ राज्यं झाली. व्हर्मॉंट मात्र पहिल्यापासूनच असं आहे, आणि तो डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सचा व्हर्मॉंट बरं का, तेव्हा हे सगळं उजवे-डावे असं सरळ कापता येत नाही. व्हर्जिनियात शिरलो की लपवून बाळगायला परमिट हवं. मग वेस्ट व्हर्जिनिया, पुन्हा मोकळं. मग मेरीलँड, हायवेचा जेमतेम बारा मैलांचा तुकडा, पण तिथे परमिटशिवाय पिस्तूल जवळ ठेवून गाडी चालवणं म्हणजे गुन्हा. मग पेनसिल्व्हेनिया, तिथे गाडीत जवळ ठेवायचं तर लायसन्स. मित्र टेनेसीत म्हणाला होता, मी प्रत्येक बॉर्डरला उतरून खिसे तपासत बसू का?

त्याला उपाय १९८६ च्या केंद्राच्या कायद्यात आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणी बंदूक कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांतून ती नेता येते, पण गोळ्या काढलेल्या, आणि बंदूक आणि गोळ्या दोन्ही हाताला लागणार नाहीत अशा जागी. म्हणून आमच्या गाडीच्या डिकीत, लोणच्याच्या बरण्या आणि प्रेशर कुकरच्या मध्ये, एक कुलूपबंद काळी डबी होती.

ह्याच १९८६ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे जे मला सगळ्यात भारी वाटतं, की केंद्र सरकारने बंदूकमालकांची राष्ट्रीय यादी करायची नाही. वेस्ट व्हर्जिनियात आम्ही मार्टिन्सबर्गच्या बाजूने गेलो, तिथे एटीएफ ह्या केंद्रीय खात्याचं ट्रेसिंग सेंटर आहे. एखादी बंदूक गुन्ह्यात सापडली की तिचा माग इथून काढतात: आधी कंपनीला फोन, मग होलसेलरला, मग दुकानाला, आणि दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद ह्या सेंटरमध्ये जमा झालेले असतात, खोक्यांवर खोकी. ते स्कॅन करतात, पण नाव टाकून सर्च करता येईल असं ठेवायचं नाही. म्हणजे माणूस बसून एकेक पान बघतो. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात फेरफार शोधतात तसं, फक्त इथे मुद्दाम असं ठेवलंय. का, तर यादी झाली की उद्या सरकार दारात येऊन बंदुका काढून घेईल ही भीती. ती भीती खरी की खोटी हा वेगळा वाद, पण ती कायद्यात बसवलेली आहे हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच समजतं.

आता संविधान. दुसरी घटनादुरुस्ती, १७९१ ची, मूळ इंग्रजीत अवघे २७ शब्द. सुव्यवस्थित मिलिशिया (नागरिकांची फौज) स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्यामुळे लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या हक्कावर गदा आणू नये, असा साधारण अर्थ. एका बाजूचे लोक पहिला अर्धा भाग धरून बसतात, की हा हक्क मिलिशियापुरता, दुसरे दुसरा अर्धा भाग, की "लोकांचा" म्हणजे लोकांचा. दोनशेपेक्षा जास्त वर्षं सुप्रीम कोर्टाने ह्याचा निकाल सरळ लावलाच नव्हता. लावला २००८ मध्ये, हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार, की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. ते वॉशिंग्टन शहरापुरतं होतं, २०१० मध्ये शिकागोच्या खटल्यात तेच सगळ्या राज्यांना लावलं.

खरा धुरळा उडाला २०२२ मध्ये. न्यूयॉर्कचा १९१३ पासूनचा कायदा होता की पिस्तूल बाहेर घेऊन फिरायचं तर खास कारण दाखवा, नुसती भीती वाटते म्हणून नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड अशा मोजक्या राज्यांत असंच होतं. ब्रुएन खटल्यात कोर्टाने सहा विरुद्ध तीनने ते उडवलं, आणि नुसतं उडवून थांबले नाहीत, न्यायमूर्ती थॉमस ह्यांनी नवीन कसोटीच घालून दिली: बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध टिकवायचा असेल तर सरकारने दाखवायचं की असा निर्बंध ह्या देशाच्या जुन्या परंपरेत बसतो. लोकांचे जीव वाचतात का, ह्या कायद्याने फायदा होतो का, हा प्रश्न बाजूला. इतिहासात बसतं का ते दाखवा.

आता विचार करा, १७९१ मध्ये बंदूक म्हणजे काय होती, ठासणीची. आपल्या कोकणात रानडुकरं हाकलायला अजून कुणाकुणाकडे असते तशी, दारू भरा, गोळी घाला, गजाने ठासा, मग एक बार. आणि त्या काळातल्या कायद्यांवरून आज तीस गोळ्यांच्या मॅगझिनचं ठरवायचं! खालच्या कोर्टांचे जज आणि त्यांचे क्लार्क जुने ग्रंथ उपसत बसले, ब्रुएनच्या निकालात तर १३२८ सालच्या इंग्लंडच्या कायद्याची पण चर्चा आहे. दोन जज एकच इतिहास वाचून उलटसुलट निकाल द्यायला लागले.

मग २०२४ मध्ये रहिमी खटला आला. बायको किंवा मैत्रिणीला मारहाण-धमकीवरून ज्याच्यावर कोर्टाचा आदेश आहे अशा माणसाकडून बंदूक काढून घ्यायची की नाही? खालच्या कोर्टाने कसोटी शब्दशः लावून म्हटलं होतं की तेव्हा असा कायदा नव्हता, म्हणजे काढता येणार नाही. सुप्रीम कोर्टाला तेवढं झेपलं नाही, आठ विरुद्ध एक, काढता येईल, हुबेहूब जुळा कायदा सापडायची गरज नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. आणि जुना दाखला कुठला दिला तर त्या काळी धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून चांगल्या वागणुकीचा जामीन लिहून घ्यायचे. हे वाचून मी हसलो, कारण ही तर आपली चॅप्टर केस! गणपतीच्या आधी पोलीस बोलवून बॉण्ड लिहून घेतात ती. विरोधात एकटे कोण तर थॉमसच, ज्यांनी कसोटी लिहिली.

पण सगळ्यात जास्त घुसमट मला वाटते ती शहरांची. अमेरिकेत चाळीसपेक्षा जास्त राज्यांत कायदा आहे की बंदुकीबद्दल शहराने किंवा काउंटीने स्वतःचे नियम करायचे नाहीत, राज्य ठरवेल तेच, ह्याला प्रीएम्प्शन म्हणतात. कारण सांगतात ते पटण्यासारखं आहे, दर दहा मैलांवर नियम बदलला तर साधा माणूस नकळत गुन्हेगार होईल. (आमचा प्रवास आठवा.) पण मग फिलाडेल्फियासारखं शहर, जिथे गोळीबार रोजचा, त्याला काही करायचं असेल तरी हात बांधलेले, कारण राज्याच्या विधिमंडळात मतं खेड्यापाड्यांची, जिथे बंदूक म्हणजे हरणाची शिकार आणि आजोबांची आठवण. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गने असॉल्ट वेपनवर (म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर) बंदी घातली होती ती पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच रद्द केली. फ्लोरिडात तर असा नियम करणाऱ्या नगरसेवकाला स्वतःच्या खिशातून पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराचं उदाहरण तर अंगावर येतं. शहराने २०१८ मध्ये असॉल्ट वेपनवर बंदी घातली. १२ मार्च २०२१ ला जजने सांगितलं की शहराला हा अधिकार नाही. २२ मार्चला, दहा दिवसांनी, त्याच शहरातल्या किराणा मालाच्या सुपरमार्केटमध्ये गोळीबार, दहा माणसं गेली. बंदी लागू असती तर टळलं असतं का, हे कुणीच सांगू शकत नाही, त्याने बंदूक शहराबाहेर घेतली होती आणि बंदी शहरापुरती. पण त्या वर्षी जूनमध्ये कोलोरॅडोने कायदा फिरवला आणि शहरांना राज्यापेक्षा कडक नियम करायची मुभा दिली.

आणि इथेच दोन्ही बाजूंचा ढोंगीपणा दिसतो, मला तरी. जे म्हणतात वॉशिंग्टनने राज्यांच्या कारभारात नाक खुपसू नये, तेच म्हणतात की टेक्सासचं परमिट न्यूयॉर्कने मान्य करावं असा कायदा वॉशिंग्टनने करावा, ड्रायव्हिंग लायसन्ससारखा. २०१७ मध्ये हाउसने, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाने, तो पास पण केला, सिनेटमध्ये अडला. आणि जे म्हणतात आमच्या शहराला ठरवू द्या, त्यांना व्हर्जिनियात २०१९-२० मध्ये शंभरेक काउंटी आणि गावांनी ठराव केले की राज्याने कडक कायदे केले तर आम्ही ते मानणार नाही, तेव्हा स्थानिक स्वराज्य एकदम आवडेनासं झालं. ज्याच्या हातात जी पातळी, त्याला तीच पवित्र. ग्रामपंचायत आणि झेडपी बघितलेल्या माणसाला हे काही नवीन नाही.

राजकारण पण कायम असंच होतं असं नाही. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे तीसेक लोक भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले, तेव्हा ते कायदेशीर होतं. लगेच लोडेड बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी घालणारा कायदा पास झाला, सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन ह्यांनी, आणि पाठिंबा होता एनआरएचा, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ह्या बंदूकवाल्यांच्या संघटनेचा. हो, तीच एनआरए. १८७१ मध्ये नेमबाजी सुधारायला काढलेली संघटना होती ती, १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कट्टर गटाने जुन्या नेत्यांना उलथवलं आणि तिथून ती आजची राजकीय ताकद झाली. मधल्या काळात अंतर्गत भानगडींनी आणि कोर्ट केसेसनी ती बरीच खिळखिळी झालीय, पण तिने तयार केलेला मतदार जागेवर आहे.

आणि मुद्दा त्या मतदाराचा आहे. सँडी हूक शाळेत २०१२ मध्ये वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर चौकशीची व्याप्ती वाढवणारं बिल सिनेटमध्ये आलं, ५४ मतं बाजूने, पण लागत होती ६०. लोकमत बाजूने होतं, मग पडलं कसं? कारण चौकशी हवी म्हणणारा मतदार शाळा, टॅक्स, हॉस्पिटल सगळं बघून मत देतो, आणि बंदूकवाला बऱ्याचदा ह्या एकाच मुद्द्यावर देतो. कोलोरॅडोने २०१३ मध्ये मॅगझिन पंधरा गोळ्यांपर्यंत मर्यादित केलं आणि सगळ्या विक्रीला चौकशी लावली, तर त्याच सप्टेंबरमध्ये दोन स्टेट सिनेटरना मुदत संपायच्या आधीच मतदान घेऊन लोकांनी घरी बसवलं, त्यातला एक तर सिनेटचा अध्यक्ष. तो धडा बाकीच्या राज्यांतल्या आमदारांनी पाठ करून ठेवला.

अपवाद पण होतात. पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले फेब्रुवारी २०१८ मध्ये, आणि महिन्याच्या आत रिपब्लिकन फ्लोरिडाने बंदूक खरेदीचं वय २१ केलं आणि रेड फ्लॅग कायदा आणला, म्हणजे माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं दिसलं तर कोर्टाच्या आदेशाने बंदूक काही काळ काढून घेता येते. एनआरएने त्याच दिवशी केस टाकली. पाच वर्षांनी त्याच फ्लोरिडाने परमिटशिवाय बाळगायला परवानगी दिली. दोन्ही कायदे एकाच राज्यात.

रेड फ्लॅगबद्दल एक गोष्ट, जी टीव्हीवरच्या बातम्यांत हरवते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. चर्चा होते ती शाळा-मॉलमधल्या गोळीबाराची, पण आकडा भरतो तो रात्री दोन वाजता एकट्या घरात, हाताशी असलेल्या पिस्तुलाने.

आपल्याकडची तुलना लोक करतात म्हणून सांगतो, ती जुळत नाही. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट, बंदूक हा हक्कच नाही, कलेक्टर किंवा पोलीस कमिशनर देतील तर मिळणारी परवानगी, २०१९ पासून जास्तीत जास्त दोन, आणि निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायला सांगतात. टेक्सासातल्या शेजाऱ्याला मी हे सांगितलं, निवडणुकीत बंदूक जमा, तर त्याचा चेहरा असा झाला की जणू मी म्हटलं निवडणुकीत किडनी जमा करतात.

तर न्यू जर्सी. इथे बंदूक विकत घ्यायच्या आधीच राज्याचं ओळखपत्र हवं, बोटांचे ठसे, ओळखीच्या लोकांची नावं, आणि पिस्तूल घ्यायचं तर प्रत्येकाला वेगळं परमिट. मॅगझिन २०१८ पासून दहाच गोळ्यांचं. मित्राच्या पिस्तुलाची मॅगझिन सतराची, म्हणजे टेक्सासात दुकानात पिस्तुलाबरोबर फुकट मिळालेली वस्तू इथे गुन्हा. तो ती निघायच्या आदल्या दिवशी तिथल्याच एका मित्राला देऊन आला आणि दहावाली विकत घेतली. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला तेव्हा त्याने एसी वाढवला आणि म्हणाला, आता मी टेक्सासातला सज्जन माणूस इथला संशयित.

दोन महिन्यांनी त्याच्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईचा फोन, शनिवारी मुलीला खेळायला पाठवू का म्हणून. सगळं ठरलं, वेळ ठरली, पिझ्झा की डोसा ते पण ठरलं, आणि शेवटी ती जरा अडखळत म्हणाली, "सॉरी हं, सगळ्यांनाच विचारते मी, तुमच्याकडे गन नाही ना?" स्पीकरवर होता फोन. हा म्हणाला, आहे, पण सेफमध्ये असते, कोड फक्त मला माहितीय, गोळ्या वेगळ्या ठेवतो. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "असं करू या का, तुम्हीच पाठवा तिला आमच्याकडे."